रद्दीतल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं कळणं

गिरणाकाठ (जळगाव) | रविवार, रात्री ९.१०

पितृपक्षात पावसाने पाठ सोडली नाही. आता दसरा झाल्यापासून ऊन असं पडलंय की गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. दरवर्षी या आठवड्यात आमच्याकडे एकाच खाटेवरून भांडण होतं. अर्ध्या खाटेवर बायको उडीद-मूग वाळत घालते, उरलेल्या अर्ध्यावर मी पुस्तकं मांडतो. ती म्हणते, तुमच्या पुस्तकांची कसर माझ्या उडदात शिरते. मी म्हणतो, तुझ्या उडदातले भुंगे माझ्या कादंबऱ्यांतून निघतात. अजून निकाल लागलेला नाही.

आज सकाळी स्टेशनच्या बाजूला गेलो होतो. तिथे एक रद्दीवाला पुस्तकं वेगळी काढून किलोवर देतो, ४० रुपये किलो. अडीच किलो घेतली. त्यात एक कादंबरी आहे, कुणाची ते कळायला मार्ग नाही. पुठ्ठा नाही आणि पुस्तक १७व्या पानापासून सुरू होतं. म्हणजे पहिला फर्मा, सुरुवातीची १६ पानं, अख्खा गळालेला. नायिका कोण, ती का रडतेय, काही पत्ता नाही, तरी ४० पानं वाचून झाली. नाव माहीत नसलेलं पुस्तक वाचायला एक वेगळीच मजा येते, कुणाबद्दल आधीपासून मत करून घेता येत नाही.

पण मुद्दा तो नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, बारीक तिरक्या अक्षरात हे लिहिलंय:

ज्वा. ४
उ. १
मे. अर्धी छ.
मी. मूठ
गि. सांगणे
गुलाबाईनंतर

लावा डोकं.

पांझरा_धुळे | रविवार, रात्री ९.३२

हाई तं कळनानं माप शे भो! डोकं कसाले खपाडी राह्यनात?

कळणं म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं भाकरीचं पीठ. ज्वारी ४, उडीद १, मेथी, मीठ. आमच्या घरी अजून हेच प्रमाण आहे. काही जण ३ ला १ घेतात, पण मग भाकरी फार काळी आणि चिकट होते. उडीद अख्खा, सालीसकट. डाळ घातली तर ते कळणं नाही, दुसरंच काहीतरी.

"गि." मात्र नाही कळलं. गिरणा?

गिरणाकाठ | रविवार, रात्री ९.४०

गिरणेला काय सांगणार? "बाई, यंदा पूर नको"?

यावलची_लेक (सध्या पुणे) | रविवार, रात्री १०.०५

अहो दादा, "गि." म्हणजे गिरणी! गिरणीवाल्याला सांगून ठेवायचं की कळणं येणार आहे. जरा जाडसर दळायला लागतं आणि गव्हाच्या दळणामागे लगेच टाकलं तर सगळं एकमेकांत जातं. आमची आई नेहमी आधी निरोप धाडायची, मग डबा.

पुण्यात माझे काय हाल आहेत सांगू? पहिल्या वर्षी गिरणीत डबा ठेवला तर त्या माणसाने झाकण उघडून विचारलं, "ताई, यात काळं काय पडलंय? निवडून आणा." म्हटलं, ते पडलेलं नाही, घातलंय! त्याने "जात्याला चिकटतं" म्हणून परत केलं. आता दिवाळीला माहेरी गेले की ५ किलो दळून आणते आणि फ्रीजमध्ये कोंबते. नवऱ्याचा चीजचा डबा त्यामुळे कायम दाराच्या कप्प्यात असतो.

आणि गुलाबाई, आपला पोरींचा गाण्यांचा सण, कोजागिरीला संपतो. गुलाबाईनंतर म्हणजे कोजागिरी झाल्यावर. बरोबरच आहे. नवा उडीद तोवर घरात येऊन वाळलेला असतो.

जुनं_पान | रविवार, रात्री ११.२०

मला कळण्यात गती नाही, पण पुस्तकात आहे. गिरणाकाठ, तीन गोष्टी बघून सांगाल का?

१) मागे प्रकाशकाच्या जाहिरातीचं पान असेल तर त्यात किमती कशा छापल्यात? आणे असतील तर १९५७च्या आधीचं. एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. "न. पै." (नये पैसे) असेल तर त्यानंतरचं, पण १९६४च्या आतलं, कारण त्या वर्षी "नया" शब्द गेला.

२) शुद्धलेखन. "नांव", "कांहीं", "घरांत" असे अनुस्वार आहेत का? हे फुकटचे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. अर्थात काही छापखाने नंतरही जुन्याच वळणाने छापत राहिले.

३) कुठे शिक्का आहे का? त्यावर पिनकोड असेल तर १९७२नंतरचा.

गिरणाकाठ | सोमवार, सकाळी ७.१५

झोप उडवलीत. पहाटे बॅटरी घेऊन बसलो. बायको म्हणाली, चोरी केल्यासारखं काय करताय.

जाहिरातीचं पान आहे. "किं. ३ रु. ८ आणे". अनुस्वार तर उडदासारखे पसरलेत. ६५व्या पानावर लंबगोल शिक्का आहे. वरची ओळ, म्हणजे मालकाचं नाव, पूर्ण उडालंय. खालचं दिसतं: "कापूस व भुसार माल" आणि त्याखाली "जि. पू. खा."

जुनं_पान | सोमवार, सकाळी ८.०२

पू. खा. म्हणजे पूर्व खानदेश! १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि १९६०ला पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. पश्चिमेचं धुळे झालं, पुढे १९९८ला त्यातून नंदुरबार वेगळं निघालं. म्हणजे आण्यांची किंमत आणि पू. खा.चा शिक्का दोन्ही जुळतात.

पण एक सावधगिरी. रबरी शिक्का कुणी जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून फेकत नाही. आमच्या काकांच्या दुकानात १९८० सालीसुद्धा जुनाच शिक्का होता. आणि पेन्सिलीचं लिखाण पुस्तकाच्या नंतर कितीही वर्षांनी झालेलं असू शकतं.

पांझरा_धुळे | सोमवार, सकाळी ८.३०

छटाक लिहिलंय म्हणजे जुनंच. ग्रॅम आल्यावर छटाक कोण लिहील?

जुनं_पान | सोमवार, सकाळी ८.४१

माझी आजी जाईपर्यंत शेर-छटाकच बोलायची. दुकानदाराने पाव किलो दिलं की ती म्हणायची, "पावशेराला कमीच दिसतंय." आणि गंमत म्हणजे पाव किलो पावशेरापेक्षा जास्त असतं.

यावलची_लेक | सोमवार, दुपारी १.१५

मला वेगळीच शंका. ४ काय? पायली की शेर?

४ पायली ज्वारी म्हणजे १६ शेर. एवढ्या पिठाला मूठभर मीठ पुरेल? अळणी भाकरी होईल. आणि अर्धी छटाक मेथी तर वासालाही लागणार नाही. पण ४ शेर धरा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. ४ ज्वारी आणि १ उडीद मिळून पावणेपाच किलोच्या आत-बाहेर. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, ५८ ग्रॅम, त्याची अर्धी २९. मूठभर मीठ. जमलं की नाही? शेरच असणार.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा हिशेब मांडला. शेजारचा म्हणाला, कसलं बजेट चाललंय.

पांझरा_धुळे | सोमवार, दुपारी १.५०

मापी शेर की वजनी शेर? ज्वारी मापाने घ्यायची पद्धत होती. पण असू द्या, ४ ला १ हे तर पक्कं.

नवापूरकर | सोमवार, रात्री ८.२०

सगळे फारच हळवे झालेत म्हणून थोडं खारं बोलतो. मला धुळीचा दमा आहे. जुनं पुस्तक उघडलं की १० शिंका. तो "जुन्या पुस्तकाचा सुवास" म्हणून जे काय वर्णन करतात ते कागद कुजल्याचं लक्षण आहे. पानं पिवळी पडतात, कडा मोडतात, आत बुरशी. त्यात कुणाचे हात लागलेत, कुणी थुंकी लावून पानं उलटलीत, देव जाणे. मी सगळं मोबाइलवर वाचतो. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, तिथे बाकावर बसून दोन्ही राज्यांत वाचून होतं, आणि एक किलोसुद्धा वजन नाही.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ९.००

नवापूरकर, दम्याचं खरं आहे, त्यावर वाद नाही. तुम्ही उघडूच नका.

बाकीच्यांसाठी, २० वर्षांत जे शिकलो ते सांगतो. आणलेलं पुस्तक घरात नेत नाही, आधी गच्चीवर. कोरड्या मऊ फडक्याने पान न् पान पुसायचं, ओलं फडकं अजिबात नाही. मग उन्हात नव्हे, उन्हाशेजारी ठेवायचं. थेट उन्हात कागद आणखी पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. खाटेखालची सावली उत्तम, वारा खालून-वरून फिरतो. म्हणजे वर उडीद आणि खाली पुस्तकं असा तह होऊ शकतो, पण बायको ऐकत नाही, उडदाला वास लागतो म्हणते.

फाटलेलं पान पिठाच्या खळीने चिकटवू नका. आमच्या लहानपणी सगळे तेच करायचे आणि कसर नेमकी तिथेच यायची, कारण तिला पीठच हवं असतं. किडीचा फारच संशय असला तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. यावलच्या ताई, कळण्याशेजारी जागा करा.

आणि कपाटात वाळलेला कडुनिंबाचा पाला. धान्याच्या कोठीतही तोच पाला. आईच्या वेळेपासून एकाच झाडाचा.

यावलची_लेक | सोमवार, रात्री ९.२५

फ्रीझर? नवरा आता घर सोडून जाईल.

कोकणातून_अमळनेरला | मंगळवार, सकाळी ११.१०

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मी रत्नागिरीकडची, लग्न होऊन अमळनेरला आले त्याला १४ वर्षं झाली. पहिल्याच आश्विनात सासूबाईंनी ताटात कळण्याची भाकरी वाढली. राखाडी-काळी, जाड. वर कच्चं शेंगदाणा तेल ओतलेलं, बाजूला ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. मला वाटलं भाकरी करपलीय आणि सुनेला म्हणून ही वाढली. रडू आलं. भातावाचून दिवस निघत नव्हता, त्यात हे.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पाट देऊन चुलीजवळ बसवलं आणि पीठ पुढे सारलं. तांदळाची भाकरी मला येत होती, पण ज्वारीची थापताना नेहमी कडा फाटायच्या. हे पीठ हातात घेतलं तर लोण्यासारखं वळलं. उडदाच्या चिकटपणाने भाकरी चिरत नाही, उकडही काढावी लागत नाही. माझी पहिली न फाटलेली भाकरी कळण्याची. त्या दिवशी मी अडीच खाल्ल्या.

आणखी एक. सासूबाई सातवी शिकलेल्या. त्यांच्याकडे पुस्तकं म्हणजे दिवाळी अंक. गावातल्या एका मास्तरांच्या घरून जुने, दोन-तीन वर्षं शिळे अंक यायचे, तेही आधी चार घरं फिरून. फराळ झाला की त्या ओसरीवर बसून ते वाचायच्या, आणि शब्दकोडी आधीच कुणीतरी सोडवलेली असायची म्हणून चिडायच्या. एका अंकातल्या कोड्यात चुकीचं उत्तर भरलेलं होतं. ते त्यांनी खोडून बरोबर केलं आणि अंक पुढे पाठवला. कुणाला कळणार होतं? पण केलं.

ठेच्याचं सांगायचं राहिलं. हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण नुसता गरम करायचा, शेंगदाणे आणि खडेमीठ घालून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, ठेचा होत नाही.

जुनं_पान | मंगळवार, दुपारी १२.००

कोडं दुरुस्त करून अंक पुढे पाठवणं! क्या बात है. मराठीत दिवाळी अंक १९०९ला सुरू झाले, "मनोरंजन"चा पहिला. इतक्या वर्षांत अशा किती बायकांनी किती कोडी दुरुस्त केली असतील.

पांझरा_धुळे | मंगळवार, दुपारी ४.४५

अमळनेर निघालं म्हणून आठवलं. साने गुरुजी तिथल्या शाळेत मास्तर होते. पुढे १९३२ला आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी लिहून घ्यायचे. त्याच्या छापील प्रती आमच्याकडच्या रद्दीत अजून निघतात. मला मिळालेल्या एका प्रतीत दर अध्यायापाशी कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलाय. कर्मयोगापाशी "म्हैस आटली". मी ती प्रत विकणार नाही.

आणि भरिताचं कुणी नाव काढलं नाही! कळणं आलं म्हणजे भरीत आलंच. पण जरा थांबा. भरिताची मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी खरी दिवाळीच्या पुढे-मागे येतात. आणि खरं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात. कपाशी तर आत्ता कुठे फुटतेय, वेचणी चाललीय. काड्या निघणार वेचण्या संपल्यावर. म्हणून आश्विनातलं भरीत गेल्या सालच्या काड्यांवर, ज्याच्या वाड्यात शिल्लक असतील त्याच्याकडे. गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही, वांग्याची चटणी म्हणतो. राग आला तर येऊ द्या.

यावलची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

आला राग. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर काड्या कुठे पेटवू? वॉचमन येईल.

बाय द वे, गिरणाकाठदादा, ज्वारी कुठली घेणार? दादर असेल तर ती गेल्या सालचीच. दादर आत्ता पेरतात, निघते फाल्गुनाकडे. सध्या बाजारात येतेय ती पावसाळी. कळण्याला जुनी दादरच चांगली, आई म्हणते.

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री १०.१०

दादरच आहे घरात, कोठीच्या तळाला. कोजागिरीनंतर दळणार. पुस्तकात लिहिलंय तसं तंतोतंत, फक्त निम्मं. २ किलो ज्वारी, अर्धा किलो उडीद, १५ ग्रॅम मेथी. मिठाची मूठही निम्मी.

"गि."चं काय ते ठरवा तोवर. हे तर गुलाबाईच्या खाऊसारखं झालं. डबा वाजवून वाजवून पोरी ओळखायच्या, "लाडू? शेव? केळाचे वेफर?" आमच्या गल्लीत एका वर्षी बहिणीने डब्यात नुसते खडे भरले होते. गाणी संपून तासभर कुणाला ओळखता आलं नाही, मग मार बसला.

नवापूरकर | बुधवार, सकाळी ६.५५

गि. म्हणजे गिलके. एवढा काय विचार.

कोकणातून_अमळनेरला | बुधवार, सकाळी ७.३०

अगंबाई! आमचं घोसाळं! या दिवसांत तर वेल नुसता लगडलेला असतो.

यावलची_लेक | बुधवार, सकाळी ८.१०

नाही हं. भाजी असेल तर "आणणे" लिहितील. "सांगणे" कशाला? गिरणीच.

नवापूरकर | बुधवार, सकाळी ८.१८

ताई, जुन्या काळी गिलके विकत कोण आणत होतं? कुंपणावर वेल, छपरावर वेल. ज्याच्याकडे वेल त्याला सांगून ठेवायचं, चार कोवळी तोडून पाठव. एक दिवस उशीर झाला की जून होतं, मग अंघोळीला घासणी. आणि दुसरं, घरचं माणूस गिरणीत डबा घेऊन जाणारच होतं, त्यासाठी आठवण कशाला लिहायची? आठवण लिहितात ती दुसऱ्याला सांगायच्या गोष्टीची.

पांझरा_धुळे | बुधवार, सकाळी ८.४०

धुळीचा दमा असलेला माणूस सगळ्यात खोल शिरला!

नवापूरकर | बुधवार, सकाळी ८.४४

फोटोत धूळ नसते. गिरणाकाठ यांनी पानाचा फोटो टाकला असता तर परवाच सांगितलं असतं.

गिरणाकाठ | कोजागिरीनंतरचा रविवार, दुपारी २.३०

हिशेब देतो.

काल दळून आणलं. गिरणीवाल्याला आधी सांगितलं (यावलच्या ताईंसाठी). शेजारच्या काकूंच्या मागच्या भिंतीवर गिलक्याचा वेल आहे, त्यांनाही सांगितलं (नवापूरकरांसाठी). त्यांनी पाच पाठवली, पैकी दोन जून होती.

गिलक्याची भाजी बायकोने केली ती अशी. शिरा तेवढ्या खरवडल्या, साल पूर्ण काढली नाही. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, मग फोडी आणि झाकण. पाण्याचा थेंब नाही, गिलक्याला स्वतःचंच एवढं सुटतं की भाजी निम्मी होते. म्हणून मीठ शेवटी, फोडी बसल्यावर, नाहीतर खारट. वरून शेंगदाण्याचा जाडा कूट. दहा मिनिटं.

भाकरी मी थापल्या, पहिल्यांदाच. पहिली भारताच्या नकाशासारखी, दुसरी श्रीलंकेसारखी, तिसरीपासून गोल. फाटली मात्र एकही नाही, अमळनेरच्या वहिनी म्हणतात ते खरं आहे. वर कच्चं तेल. जेवताना पुस्तक शेजारी उघडं होतं आणि ११२व्या पानावर तेलाचा डाग पडला. आधीचे तीन होतेच.

कादंबरी संपली. नायिका शेवटी माहेरी जाते. का जाते ते पहिल्या फर्म्यात असणार.

एकच बिघडलं. भाकरी खारट झाली. बायकोने जेवण झाल्यावर पुस्तक मागून घेतलं आणि "मी. मूठ" याच्या पुढे बॉलपेनने लिहिलं, "निम्म्याला निम्मी मूठ जास्त होते." मी ओरडलो, अगं एवढं जुनं पान! ती म्हणाली, त्या बाईनेही लिहिलंच होतं ना.

जुनं_पान | रविवार, दुपारी ३.०५

बाईनेच लिहिलं हे कशावरून? शिक्का तर दुकानाचा आहे.

पांझरा_धुळे | रविवार, दुपारी ३.११

आते खरा सवाल निंघना. मूठ कोनी? बाईनी का गडीनी?